उलटा कटर आणि सुताराची बोटं

नमस्कार श्रोतेहो. फर्निचरचं काम चालू असलेल्या घरात एक टेबल बहुतेक वेळा दिसतं. दगड कापायच्या मार्बल कटरचं गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढायचं, त्याला लाकूड कापायचं पातं चढवायचं आणि पातं वर निघेल असा तो प्लायखाली उलटा आवळायचा. सुतारबांधवांनो, या टेबलात बोट वाचवणारं काहीच उरत नाही.

110 मिलिमीटरचं पातं मिनिटाला 12 हजार फेरे घेतं, तेव्हा त्याचा दात ताशी सुमारे 250 किलोमीटरने धावतो. अपघात सुरू होतो तो मात्र कापाच्या फटीत. फाळताना, म्हणजे फळी लांबीने चिरताना, पात्यामागची फट मिटते आणि पात्याला चिमटा बसतो. मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलून तुमच्याच अंगावर फेकतात, आणि रेटणारा हात थेट पात्यावर पडतो. लाकूड ओलं किंवा पिळलेलं, पातं बोथट, की धोका वाढलाच. कारखान्यातल्या टेबल सॉला, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीला, पात्यामागे पट्टी असते, ती फट मिटू देत नाही.

म्हणून कटर सुलटाच वापरा, गार्डसकट. प्लायवर सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळून तिच्या कडेने चालवा. दोन्ही हात मशीनवर राहतात. टेबलावर फाळणं टळत नसेल, तर पातं फळीच्या वर 5 मिलिमीटरच ठेवा, स्विच हाताशी आणा आणि शेवटचे 15 सेंटिमीटर खाच पाडलेल्या काठीनेच ढकला. फळी लांब असेल तर मशीन बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, मग फटीत पाचर घाला. हातकरवतीला घालतो तशीच. पलीकडच्या हेल्परने फळी ओढायची नाही, फक्त आधार द्यायचा. हातमोजे नकोत, पातं त्यांच्यासकट हात ओढून घेतं.

दिवसभर उकिडवं बसून, पायाने फळी दाबून काम केलं की संध्याकाळी पकड सैल पडते. फाळणी सकाळीच उरका. रात्री बोटांना मुंग्या येऊन झोप मोडत असेल तर मनगट डॉक्टरांना दाखवा.

आणि बोट तुटलंच तर जखमेवर हळद, चहापूड, भुसा काही टाकू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेलं बोट पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फाला लागू देऊ नका, पेशी मरतात. पिशवीवर अपघाताची वेळ लिहा, आणि एकाने लगेच रुग्णालयाला फोन लावून विचारा: तुटलेलं बोट जोडणारे सर्जन आत्ता आहेत का?