दांडा मोडून पाहा

नमस्कार, श्रोतेहो.

गवतात पिवळंधमक फूल दिसलं की ‘हे डँडेलियन’ असं म्हणायचा मोह होतो. पण जरा थांबा. अशी पिवळी फुलं येणाऱ्या वनस्पती कितीतरी आहेत आणि लांबून त्या सगळ्या सारख्याच वाटतात. म्हणून फुलाकडे नंतर वळू. आधी खाली बसा आणि त्याचा दांडा बोटांत धरा.

डँडेलियनचा दांडा जमिनीलगतच्या पानांमधून सरळ वर येतो. त्याला मध्ये कुठे पान नाही, फांदी नाही आणि टोकाला फूल एकच. आता तो मोडा. आतून नळीसारखा पोकळ निघेल आणि मोडल्या कडेवर पांढऱ्या चिकाचं कडं जमेल. हा चीक बोटाला लागला तर थोड्या वेळानं तिथे तपकिरी डाग पडतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नका. चीक सॉन्कस नावाच्या दुसऱ्या एका पिवळ्या फुलाच्या रोपालाही असतो. त्याच्या खोडावर मात्र पानं असतात, फांद्या फुटतात. खरी फसगत करते ती हायपोकेरिस ही वनस्पती. फूल अगदी तसंच, पण पानं केसाळ, खरखरीत आणि दांडा चिवट, बहुतेक वेळा फांद्या फुटलेला.

डँडेलियनची पानं सोटमुळाच्या माथ्यावरून चहूकडे पसरतात आणि त्यांच्या कडेचे दाते मागे, बुंध्याकडे वळलेले असतात. फ्रेंच भाषेत त्यांना सिंहाचे दात म्हटलं गेलं. इंग्रजी नाव तिथूनच आलं. तरीही पानांवर फार विसंबू नये, असं मला वाटतं. सावलीतल्या आणि उन्हातल्या रोपांची पानं इतकी वेगळी दिसतात की जात एकच आहे हे पटत नाही.

आता फूल. आपण जिला पाकळी समजतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल असते. भिंगातून पाहिलं तर तिच्या टोकाला पाच बारीक दाते दिसतात. मग फूल उलटं करा. खालची हिरवी छदं, म्हणजे फुलाला धरून असलेली पानासारखी छोटी पट्टी, दोन थरांत असतात. आतली उभी आणि बाहेरची खाली वळलेली असतील, तर बहुधा हे आपलं नेहमीचं डँडेलियन, शास्त्रीय नाव टॅरॅक्सॅकम ऑफिसिनाले.

बहुधा म्हणतो, कारण पुष्कळ डँडेलियन परागीभवनाशिवायच बी धरतात. रोप आईची नक्कलच निघतं, त्यामुळे बारीकसारीक फरकही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. अशा शेकडो सूक्ष्मजाती वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत आणि त्या ओळखताना जाणकारही अडखळतात.

एक फरक मात्र तुम्हाआम्हाला दिसण्यासारखा आहे. म्हातारीच्या केसांखाली लांब, बारीक देठासारखी चोच असते आणि चोचीच्या तळाशी बी. ते करडं-तपकिरी असेल तर ऑफिसिनाले. विटकरी लाल असेल आणि पानंही खोल कातरलेली असतील तर टॅरॅक्सॅकम एरिथ्रोस्पर्मम. फूल उमललेलं असताना हे कळत नाही. त्यासाठी आठ-दहा दिवसांनी त्याच रोपाकडे परत जावं लागतं, वारा म्हाताऱ्या उडवून नेण्याच्या आत.