राय आणि बर्बन : एकाच कंपनीच्या दोन बाटल्या

(दृश्य : टेबलावर दोन बाटल्या, दोन रिकामे ग्लास, पाण्याचा तांब्या.)

राय या गव्हासारख्या धान्यापासून केलेली कमी किमतीची राय व्हिस्की ही मुख्यतः मक्यापासून केलेल्या बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या तोडीची असते का, हे ठरवताना बहुतेक तुलना सुरुवातीलाच फसतात. एका बाटलीत मद्यार्क 40 टक्के असतो तर दुसरीत 50, एक दोन वर्षे मुरलेली असते तर दुसरी आठ, आणि मग जिभेला जाणवलेला फरक धान्याचा की वयाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून येथे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या हेवन हिल या एकाच कंपनीच्या दोन बाटल्या घेतल्या आहेत : रिटनहाउस ही राय आणि पांढऱ्या लेबलची एव्हन विल्यम्स ही बर्बन.

दोन्हींच्या लेबलांवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे छापलेले आहे. व्हिस्कीच्या नावाखाली साध्या मद्यार्कात रंग आणि चव मिसळून विकण्याचा धंदा बोकाळला होता, त्याला आळा घालण्यासाठी 1897 मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार ‘बॉटल्ड इन बाँड’ व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरवलेली आणि नेमक्या 50 टक्के मद्यार्कावर बाटलीत भरलेली असावी लागते. कमी किमतीच्या बाटल्यांमध्ये ग्राहकाला इतकी भक्कम हमी देणारे दुसरे शब्द क्वचितच सापडतील.

धान्याचा हिशेब सोपा आहे. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका, रायमध्ये किमान 51 टक्के राय; दोन्ही आतून जाळून कोळसा केलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरवायच्या. एव्हन विल्यम्समध्ये 78 टक्के मका, 10 टक्के राय आणि 12 टक्के मोड आणलेली बार्ली असते. रिटनहाउसमध्ये राय 51 टक्के, म्हणजे कायद्याच्या उंबरठ्यावर जेमतेम पाऊल ठेवण्याइतकीच, मका 35 आणि बार्ली 14 टक्के. बर्बनची सवय असलेल्या माणसाने पहिली राय म्हणून हीच घ्यावी, असे आमचे मत आहे, कारण तिच्यातला मका ओळखीचा गोडवा राखतो. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग येथील मोठ्या डिस्टिलरीची 95 टक्के रायची व्हिस्की, जी आजवर कितीतरी वेगवेगळ्या नावांनी आणि लेबलांनी विकली गेली आहे, ती नवख्याला एकदम अंगावर येते.

(दृश्य : माउंट व्हर्नन येथील पुन्हा उभारलेली डिस्टिलरी.)

अमेरिकेत एके काळी रायचा मान मोठा होता. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडच्या शेतकऱ्यांना थंडीत आणि हलक्या जमिनीत तग धरणारे हे धान्य सोयीचे होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील डिस्टिलरीत 1799 साली सुमारे 11,000 गॅलन व्हिस्की गाळली गेली, आणि तिच्यात 60 टक्के राय होती. पुढे 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात पूर्वेकडच्या बहुतेक भट्ट्या विझल्या, त्यांतल्या फार थोड्या पुन्हा सावरल्या, आणि उरलेसुरले रायचे उत्पादन हळूहळू मक्याच्या मुलखात, केंटकीत, सरकले. रिटनहाउस हे नावही मूळचे फिलाडेल्फियाचे. दारूबंदी उठल्यावर तेथे सुरू झालेली ही व्हिस्की आज केंटकीत तयार होते. 1996 च्या आगीत हेवन हिलची बार्ड्सटाउनची डिस्टिलरी जळाली, तेव्हा काही वर्षे रिटनहाउस ब्राउन-फोरमन या दुसऱ्या कंपनीच्या भट्टीत गाळली जात होती, आणि आता लुइव्हिलच्या बर्नहाइम डिस्टिलरीत, जेथे एव्हन विल्यम्सही गाळली जाते.

राय गाळणाऱ्याला त्रास कमी नसतो. तिचे पीठ पाण्यात शिजवले की चिकट लगदा होतो, आंबवताना फेस वर येऊन उतू जातो, आणि मक्याच्या मानाने मद्यार्कही कमी मिळतो. इतका खटाटोप असूनही ती कित्येक दशके दुकानाच्या तळच्या फळीवर स्वस्तात पडून राहिली, याचे कारण दर्जात नव्हते. तिला विचारणारेच उरले नव्हते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुनी कॉकटेल्स पुन्हा करू पाहणाऱ्या बारमन मंडळींनी तिला वर आणले.

(दृश्य : ग्लासांत व्हिस्की ओतली जाते.)

आता प्रत्यक्ष चव. बर्बनचा ग्लास नाकाशी नेताच व्हॅनिला, करपवलेली साखर आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो. घोट जिभेवर पसरतो, गोडी मध्यभागी थांबते आणि गिळल्यावर लाकडाचा तुरटपणा उरतो. रायमध्येही व्हॅनिला आहे, कारण तो ओकमधून येतो आणि पिंपे दोघींचीही तशीच असतात. मात्र त्याच्या मागोमाग लवंग, दालचिनी, संत्र्याची साल आणि गिळताना काळ्या मिरीची चुणचुण येते, आणि शेवट कोरडा होतो. दोन्हींत चमचाभर पाणी घातले की बर्बन मऊ आणि थोडी फिकी पडते, तर रायचा मसाला उलट अधिक मोकळा होतो. नुसती प्यायची झाल्यास आम्ही बर्बनच निवडू. मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये मात्र गोड व्हर्मुथपुढे (वनस्पती-मसाल्यांनी सुवासिक केलेल्या वाइनपुढे) ही बर्बन दबून जाते आणि राय ठाम उभी राहते.

किमतीत बर्बनच सरस आहे. अमेरिकेत रिटनहाउसची 750 मिलिलिटरची बाटली साधारण 25 ते 30 डॉलरना मिळते, आणि एव्हन विल्यम्स बहुतेक ठिकाणी त्याहून बरीच स्वस्त पडते; तरीही याच ताकदीच्या आणि वयाच्या इतर राय पाहता रिटनहाउसचा भाव वाजवीच म्हणावा लागेल. तेथे राहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना हा हिशेब थेट लागू पडतो. मुंबई-पुण्यात तो लागू पडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये भारताने बर्बनवरचे आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणले, पण ती सवलत बर्बनपुरतीच असल्याने त्याच भट्टीतून निघालेल्या रायला तिचा लाभ मिळाला नाही.