कोड खुला, कोडेक बंद

सप्टेंबर २०२२. फेडोरा या लिनक्स प्रणालीची ३७ वी आवृत्ती बाहेर पडायच्या बेतात. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ चालवलं, की कार्ड कोणते व्हिडिओ स्वतः उलगडतं त्याची यादी येते. त्या यादीतून एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींच्या, ओळी गेल्या. व्हीपी९ हा तिसरा कोडेक जागेवरच. कार्ड तेच, ड्रायव्हरही मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पाचाच; फेडोराने पॅकेज बांधतानाच हे दोन कोडेक वगळले होते. अशा व्हिडिओंचा सगळा भार आता सीपीयूवर.

कारण पेटंटचं. एच.२६४ ची पेटंटं अनेक कंपन्यांकडे, आणि त्यांचा एकत्रित परवाना एमपीईजी एलए ही कंपनी देत असे. वर्षाला पहिल्या १ लाख प्रती माफ, पुढे प्रतीमागे २० सेंट. पण ज्या सॉफ्टवेअरची कुणीही कितीही वेळा नक्कल करावी, त्याच्या प्रती मोजणार कोण? त्यात एक्स२६४ सारखा एन्कोडर, म्हणजे एच.२६४ व्हिडिओ तयार करणारं सॉफ्टवेअर, जीपीएल या खुल्या परवान्याखाली. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं ७ वं कलम म्हणतं, घेणाऱ्याला पुढे विनारॉयल्टी वाटता येत नसेल, तर तुम्हीही वाटू नका. म्हणजे पैसे भरूनही सुटका नाही.

नेटवर्किंग कंपनी सिस्कोने २०१३ मध्ये काढलेली वाट मात्र भन्नाट आहे. ओपनएच२६४ या तिच्या एच.२६४ सॉफ्टवेअरचा कोड खुला, रॉयल्टी सिस्को भरणार. अट अशी, की तयार बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, सिस्कोकडूनच उतरवायची. तोच कोड घरी कंपाइल करून फाइल स्वतः बनवली, की सिस्कोच्या परवान्याचं छत्र गेलं! म्हणून फायरफॉक्स ही फाइल सोबत आणत नाही, मागाहून उतरवून घेतो. फेडोरा तर पॅकेज स्वतः बांधतं आणि वाटायला सिस्कोकडे देतं.

फेडोरा ३७ वाल्यांनी वगळलेल्या कोडेकसाठी आरपीएम फ्यूजनची रेपॉझिटरी, म्हणजे फेडोराबाहेरचं पॅकेजांचं भांडार, जोडली. डीएनएफ या पॅकेज बसवायच्या साधनाच्या ‘स्वॅप’ने मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स काढून त्याचंच, पण कोडेक न वगळलेलं ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेज बसवलं, की व्हीएइन्फोत ओळी परत. नुसतं ‘इन्स्टॉल’ चालत नसे, दोन्ही पॅकेजं एकमेकांना आडवी येत. आणि फेडोराचं मेसा पुढे गेलं, फ्रीवर्ल्ड मागे राहिलं, तर अपडेट अडतं. अशा वेळी एक-दोन दिवस थांबावं. जबरदस्ती केली तर फ्रीवर्ल्डच उडू शकतं.

रॉयल्टीमुक्त म्हणून एव्ही१ हा व्हिडिओ कोडेक २०१८ मध्ये आला. पुढच्याच वर्षी सिस्वेल या पेटंट-परवाने देणाऱ्या कंपनीने त्याच्यासाठीही पेटंटांची मोट बांधल्याचं जाहीर केलं. एमपी३ ची पेटंटं २०१७ मध्ये सरली आणि त्याच वर्षी फेडोराने त्याचा एन्कोडर आत घेतला. एच.२६५ मंजूर झालं २०१३ मध्ये, आणि पेटंट चालतं अर्जापासून २० वर्षं.