पंचनामा वाचायला शिकताना

श्रोतेहो, नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवते. अलीकडे प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी आणि पालक मला पहिला प्रश्न विचारतात तो बदललेल्या कायद्यांचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि हे तिन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. ५११ कलमांची दंड संहिता आता ३५८ कलमांत आटोपली आहे. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२०, जे आपल्या बोलण्यात विशेषण म्हणूनच रुळले होते, ते आता ३१८ मध्ये गेले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच दंड संहिता लागू असल्यामुळे, आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे वकिली करताना बराच काळ दोन्ही आकडे जवळ बाळगावे लागतील.

आकडे पाठ होतात, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटते ती कागद वाचता न येण्याची. कलमे धडाधडा सांगणारा विद्यार्थी प्रत्यक्ष दोषारोपपत्र हातात पडले की गोंधळतो, कारण फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जप्ती पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि शवविच्छेदनाचा अहवाल एकमेकांशी ताडून कसे पाहायचे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

म्हणून पुराव्याच्या कायद्याच्या तासाला मी वर्गात एक साधा कागद वाटते. त्यावर एका काल्पनिक आरोपीने कोठडीत असताना पंचांसमक्ष केलेले निवेदन असते : ‘मी त्याला कोयत्याने मारले. तो कोयता मी गावाबाहेरच्या कडब्याच्या गंजीत लपवला आहे. चला, काढून देतो.’ विद्यार्थ्यांनी लाल पेन्सिल घ्यायची आणि न्यायालयात जे शब्द पुरावा म्हणून चालणार नाहीत ते खोडायचे. पहिल्या प्रयत्नात निम्मा वर्ग एकही शब्द खोडत नाही, कारण कोयता खरोखरच सापडला आहे, मग माणूस खोटे कशाला बोलेल, असे त्यांना वाटते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे तत्त्व पूर्वी कलम २५ मध्ये होते, आज ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आणि आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघड झाली तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरायचा, हा जुन्या कलम २७ चा अपवाद आता त्याच कलमाला परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे जोडवाक्य, म्हणून जोडलेला आहे. या अपवादाची मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आखून दिली आणि ती आजही पाळली जाते. तेव्हा ‘मी त्याला मारले’ हे वाक्य जाते, ‘कोयत्याने’ हा शब्दही त्याच्याबरोबर जातो, आणि कोयता कुठे लपवला एवढेच उरते. हे खोडताना मुलांच्या चेहऱ्यावर अस्वस्थता दिसते. ती मला हवी असते, कारण कोठडीत माणसाकडून काहीही वदवून घेता येते या अनुभवातून हा नियम जन्मला आहे, हे त्या अस्वस्थतेतूनच त्यांच्या ध्यानी येते.

असे बारकाईने वाचणे किती दूरवर पोहोचते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून संमतीचा अर्थ काढला गेला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी तो निकाल ओळीओळीने वाचला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. भीतीपोटी शरण जाणे आणि संमती देणे यांत अंतर आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यानंतर देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा दुरुस्त झाला : कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद आली. मी हे पत्र दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते.

वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंदवही लिहायची असते आणि त्याला ३० गुण असतात. ही नोंदवही वरच्या वर्गातल्या मुलांच्या वहीतून उतरवून काढण्याची पद्धत काही ठिकाणी सर्रास चालते, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते. फौजदारी न्याय प्रत्यक्ष कसा चालतो हे दाखवणारा अख्ख्या अभ्यासक्रमातला हा एवढाच झरोका आहे. देशातल्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, हे पुस्तकात वाचून कळते. पण जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून परत गाडीत बसणारा माणूस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातच दिसतो.

जे विद्यार्थी यंदा प्रवेश घेत आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पहिल्या सत्राची वाट पाहू नका. काही नाजूक खटले सोडले तर फौजदारी न्यायालय सर्वांना खुले असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये तसे लिहिलेलेच आहे. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात सकाळी वेळेवर जा, मोबाइल बंद करा, न्यायाधीश आल्यावर उभे राहा आणि मागच्या बाकावर बसा. शिपाई नावे पुकारील, बऱ्याच प्रकरणांत नुसती पुढची तारीख पडेल, आणि मग कधीतरी एखाद्या पंचाची उलटतपासणी सुरू होईल. वकील त्याला विचारतील, ‘कागदावर सही केलीत तेव्हा तो वाचला होतात का?’ तो काय उत्तर देतो, ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.