पार्सल नको, टेबल द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढातला पाऊस काय चीज आहे, ते रत्नागिरीकरांना मी सांगायला नको. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीच्या दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते. अशाच एका संध्याकाळी मी बाजारातल्या छोट्या बर्गरच्या हॉटेलातून चार बर्गर बांधून घेतले आणि स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून भाट्याचा पूल ओलांडून घरी आलो. पिशवी सोडली तर पावाचा लगदा! बटाट्याचे तळलेले काप माना टाकून पडलेले. आई म्हणाली, "ह्याचे तू पैसे दिलेस?"

चूक हॉटेलवाल्याची नव्हती, माझी होती. सांगा, घावन कधी आपण पार्सल आणतो का? तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात. बर्गरही त्याच जातीचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी आईला घेऊनच गेलो. जेमतेम सहा टेबलं, बाहेर पागोळ्या गळतायत आणि समोरच तवा दिसतो. तिथे बसायचा हा फायदा. मटणाचा खिमा, त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी. चेंडूएवढा गोळा तापलेल्या लोखंडी तव्यावर पडला, उलथन्याने एकदाच दाबला आणि मग कुणी त्याला हात लावला नाही. खिम्यातलं पाणी उडून पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की तो खमंग तपकिरी थर धरतो. सारखं उलटंपालटं केलं तर तो धरत नाही. मीठ मात्र तव्यावर टाकल्यावरच वरून भुरभुरलं. मी विचारलं, तर मालक म्हणाला, "आधी मीठ घालून मळलं की खिमा चिकट होतो आणि टिक्की रबरासारखी लागते." कबाबाला तो चिकटपणा हवा असतो. इथे नको.

पाव मधोमध कापून, आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर चांगला लाल केला होता. ही खरी मेख. तो भाजलेला थर रस लगेच झिरपू देत नाही. लगेच, हं. माझ्यासारखा अर्धा तास पिशवीत कोंडून ठेवलात, तर आतली वाफ त्याचं काम तमाम करते.

शेजारच्या टेबलावरच्या काकांनी नातवाला हळूच विचारलं, "हॅमबर्गर म्हणजे त्यात डुकराचं असतं ना रे?" नसतं. नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलंय. आपल्याकडे मॅकडोनाल्ड्स १९९६ साली आलं, तेव्हा बर्गर म्हणजे मोठ्या शहरातली चैन होती. पण पावाला आपण परके कधीच नव्हतो. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, बटाटाही त्यांचाच, आणि दोन्ही एकत्र आणून आपण वडापाव करून बसलो. बटाट्याचा बर्गर मागवला की मला तर नेहमी वडापावाचा शहरात शिकून आलेला भाऊच भेटल्यासारखं वाटतं. (माझं मत विचाराल तर धाकट्यापेक्षा थोरलाच बरा.)

आईने बर्गर हातात धरला नाही. "एवढा आ कोण करणार?" म्हणाली आणि काट्याने त्याचे थर सुटे केले. आधी टिक्की, मग काकडी, शेवटी तव्यावरचा कडक पाव सोलकढीत बुडवून. हो, तिथे सोलकढी मिळते. मालक बघत होता, पण काही बोलला नाही. माणूस शहाणा.

भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'सुरमई बर्गर सध्या बंद'. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना समुद्र बंद, आणि बर्फातली जुनी सुरमई तो लावत नाही. आईला हे फार आवडलं. उठताना तिने मालकाला विचारलं, "ऑगस्टात चालू करशील ना?" तो हो म्हणाला. मग तिच्याच लक्षात आलं, तोवर श्रावण लागलेला असणार. म्हणजे आमची सुरमई थेट गणपती गेल्यावर. खिडकीजवळचं टेबल मात्र तिने आत्ताच सांगून ठेवलंय.

नमस्कार.