ताप गेला, गोळ्या डब्यात

(चोपडा तालुक्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मलेरियाची औषधं: कार्य, उपयोग आणि दुष्परिणाम’. तो मी घेणारच आहे, घाबरू नका. पण त्याआधी मला एका गोळीची बाजू मांडायची आहे. तिचं नाव प्रायमाक्विन. हिच्याइतकी हेळसांड दुसऱ्या कुठल्या गोळीची होत नसेल. लोक ती घरी नेतात, दोन-चार दिवस घेतात आणि उरलेली डब्यात टाकतात. ज्यांच्या घरात अशी अर्धी पट्टी पडलेली नाही, त्यांनी हात वर करावेत. बघा, अध्यक्षांचाही हात खालीच आहे.

आपल्याकडे मलेरियाचे मुख्य परजीवी दोन, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो, म्हणून त्याला सगळे भितात. व्हायवॅक्सचा त्रास वेगळा. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातात, तिथे वाढून रक्तात उतरतात आणि मग हुडहुडी भरते. व्हायवॅक्सचे काही मात्र यकृतातच झोपून राहतात. काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी ते जागे होतात आणि नवा डास न चावताच ताप परत येतो. शेतातलं कुंद्याचं तण वरवर कापलं तर पुढे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. क्लोरोक्विन तीन दिवसांत वरचं कापतं. खालची मुळी काढायचं काम प्रायमाक्विनचं, आणि त्याला १४ दिवस लागतात.

आता आमचे आप्पा. तापीकाठी केळीचे मळे. नाव सांगत नाही, त्यांचे व्याही पुढच्या रांगेत असायचे. पावसाळ्यात आप्पांना व्हायवॅक्स झाला. क्लोरोक्विनने ताप उतरला, आप्पा मळ्यात. मी विचारलं, ‘‘आप्पा, बाकीच्या गोळ्या?’’ म्हणाले, ‘‘ताप ते उतरी गया, मंग गोळ्या कसाले खाऊ?’’ पट्टी सुपारीच्या डबीत गेली. पुढच्या वेळेला कामी येईल म्हणून! शेतकरी माणूस, उरलेलं बियाणं तो फेकत नाही.

दिवाळीच्या सुमाराला पुढची वेळ आली. आप्पांनी डबी उघडली आणि त्यातल्या दोन गोळ्या घेतल्या. ताप जागचा हलेना. हलणार कसा? ती गोळी रक्तातला ताप उतरवायची नाहीच. पण आप्पांचा निष्कर्ष ठरला: सरकारी गोळ्यांत पॉवर नाही. मग ते शहरात जाऊन सलाईन लावून आले. रक्त तपासलं का, म्हणून विचारलं, तर म्हणे, ‘‘सलाईनची बाटली मोठी होती.’’ बाटलीच्या आकारावर ज्या समाजाचा इतका विश्वास, त्याच्यापुढे दाण्याएवढ्या गोळीने काय बोलावं! आणि आप्पांचा संशय कुणावर? शेजाऱ्याच्या पाण्याच्या हौदावर. त्यावरून बांधावर भांडण झालं. हौदावर झाकण हवंच, त्यात शेजाऱ्याची चूक होतीच. पण हा ताप आप्पांच्या स्वतःच्या यकृतातून आलेला असण्याची शक्यता जास्त होती.

शेवटी प्रश्न सोडवला आप्पांच्या घरच्या आक्कांनी. केळी कधी कापायची ते ज्या कॅलेंडरवर लिहितात, त्याच्यावरच त्यांनी १४ चौकोनांत खुणा केल्या. रात्री आप्पांचं जेवण झालं की गोळी हातावर, पाण्याचा तांब्या समोर, आणि गोळी पोटात गेल्याशिवाय टीव्ही लागायचा नाही. जेवणानंतर द्यायचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. उपाशीपोटी प्रायमाक्विनने पोटात कळ येते, आणि मग पट्टी परत डबीत जाते.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, ‘पाच मिनिटं’. सत्काराला किती वेळ गेला ते मी मोजलं नाही, पण विषय आता पळत पळतच घ्यावा लागेल.

परजीवी आपल्या तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून हीम हा लोह असलेला भाग उरतो, तो परजीवीला विषारी असतो. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. १९३४ साली जर्मनीत तयार झालेलं क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही, आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. दुष्परिणाम म्हणजे कडू तोंड, मळमळ, काहींना खाज. डोळ्याच्या पडद्याला धोका असतो तो वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना, तीन दिवस घेणाऱ्यांना नाही. याचाच भाऊ हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. २०२०मध्ये कोरोनासाठी लोकांनी त्याचे साठे केले. मोठ्या चाचण्यांत रुग्णालयातल्या कोरोना रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही.

फाल्सिपेरमवर बहुतेक ठिकाणी क्लोरोक्विन चालेनासं झालं, म्हणून आर्टेमिसिनिन. चीनच्या तू यूयू यांनी एका जुन्या वैद्यकग्रंथातल्या नोंदीवरून ते वनस्पतीतून काढलं. २०१५चं नोबेल त्यांना मिळालं. परजीवीतल्या हीम-लोहाशी गाठ पडली की हे औषध फुटतं आणि त्याची प्रथिनं जाळतं. पण ते शरीरात काही तासच टिकतं, म्हणून जोडीला दुसरं औषध लागतं. आपल्या भागात आर्टेसुनेट, म्हणजे आर्टेमिसिनिनचंच एक रूप, आणि त्याबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात; ते परजीवीला वाढीसाठी लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाची वाट तोडतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. क्विनाइन आता मागे पडलं; त्याने कान वाजतात आणि साखर उतरते.

आता प्रायमाक्विनची खरी भीती, कारण तिची बाजू घेतोय म्हणून लपवणार नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर, म्हणजे एन्झाइम, कमी आहे, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी काळपट लाल झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली, तर गोळी तिथेच थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मंडळींनी लक्षात घ्या, सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार वेगळा आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता वेगळी. एकाची तपासणी झाली म्हणजे दुसऱ्याची झाली नाही.

दुसरी चिठ्ठी आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे, तेवढं सांगून थांबतो. बाकीचं विचारायचं असेल तर मी खाली चहाजवळ आहे. अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचंय, माईक त्यांना देतो.