ऊन तापलं की नाल्याला पूर

श्रोतेहो, नमस्कार.

पेरण्या आटोपल्या की आपल्याकडच्या पोरांना हल्ली एकच वेड लागतं. गाडी काढायची आणि लडाखला जायचं. मनालीहून लेहला जाणारा तो सुमारे ४३० किलोमीटरचा रस्ता, त्याची तयारी कशी करायची, ते आज सांगतो.

मनालीपर्यंत काही अवघड नाही. संभाजीनगरला राष्ट्रीय महामार्ग ५२ धरायचा. तुळजापूर, बीड करत येणारा हाच रस्ता पुढं धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत पंजाबात संगरूरला पोचतो. नांदेडकरांना पंजाबचं मी काय सांगणार! जाता जाता एक बोलून घेतो. कंधारचा किल्ला न बघता लडाख बघायला निघालेली माणसं मला कळत नाहीत. असो.

मनालीच्या पुढं मात्र एक नियम पाळा. पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत मुक्काम गाठायचा. पुन्हा सांगतो, पहाटे निघायचं. का, ते आमच्या मामांकडून ऐका.

मामा जिंतूर तालुक्यातले. सत्तरीला टेकलेले, सगळा जन्म शेतीत गेलेला. भाच्यांनी लडाखचा बेत केला तेव्हा मामा म्हणाले, "म्या बी येतो." पोरांची तोंडं उतरली, पण नाही कोण म्हणणार? धोतरावर स्वेटर घालून मामा पुढच्या सीटवर बसले. मी मागं.

मनालीच्या पुढं जिस्पा गावात मुक्काम झाला. सकाळी पोरं आरामात उठली. मग फोटो, मग पराठे, मग पुन्हा फोटो. मामा अंघोळ करून केव्हाचे गाडीपाशी उभे. निघेपर्यंत ऊन चांगलं वर आलं. दारचा मागं पडलं, झिंगझिंगबार आलं, आणि बारालाचा खिंडीच्या अलीकडं रस्त्यावरूनच एक नाला वाहत होता. पूल नाही. आभाळ निळंशार, ढगाचं नाव नाही, आणि पाणी असं धो धो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

आता आपण मराठवाड्याची माणसं. ओढ्याला पूर आला म्हणजे वर कुठंतरी पाऊस झाला, एवढंच आपल्याला माहीत. पोरं म्हणाली, पाऊस तर नाही, थोडं थांबू, उतरेल.

मामा खाली उतरले. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि तंबाखू मळत बसले. थोड्या वेळानं दगड बुडाला. मामांनी मागं सरकून दुसरा ठेवला. तोही बुडाला.

"पाणी चढायलंय बाबा. गाडी घालू नका."

"मामा, पाऊस कुठंय?"

"पाऊस नसंना का, ऊन हाय की! वर बर्फ वितळायलाय. ऊन तापंल तसं पाणी वाढंल. रात्री गारठलं की आटंल. सकाळी बघा, मोटंच्या पाटाएवढं ऱ्हाईल."

पोरांना ते पटेना. पुढचा मुक्काम सरचूला, तिथल्या तंबूचे पैसे आधीच भरलेले होते ना! तेवढ्यात मागून एक मोटार आली. कोणाकडं न बघता तिनं सरळ पाण्यात उडी घेतली. मधोमध गेली, चाक धोंड्यात अडकलं, सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं आणि इंजिन बंद. आतल्या दोघांना खिडकीतून ओढून काढावं लागलं. एका ट्रकवाल्यानं वायररोप बांधून मोटार बाहेर काढली. दारं उघडली तर नुसतं पाणी.

मग थोरला भाचा हळूच म्हणाला, "मामा, काय करायचं?"

"माघारी फिरा."

सरचूचे पैसे बुडाले. रात्री पुन्हा जिस्पा. दुसऱ्या दिवशी अंधारात निघालो, उजाडता उजाडता नाल्यावर. काठच्या दगडांवर बर्फाचा पातळ थर आणि पाणी चाकाच्या रिमलासुद्धा लागेना. गाडी पार गेली तरी मामा काच खाली करून मागंच बघत होते. दोन्ही दगड कोरडे.

बघा, निम्मा वेळ मामांनीच खाल्ला. बाकीचं भरभर सांगतो.

उंचीचं बघा. आपली कळसूबाई १६४६ मीटर. जिस्पाच तिच्या जवळपास दुप्पट आहे, आणि वाटेतली तांगलांगला खिंड ५३२८ मीटर. तिथं श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्मा. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, मनाली-लेहचं ४६ किलोमीटर अंतर वाचलं. सोय झाली, पण माणूस आता फार लवकर वर चढतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून जिस्पा-केलाँगकडं दोन रात्री काढा. पहिल्याच दिवशी सरचूला झोपू नका, ते ४२०० मीटरच्या वर आहे. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला तर लगेच खाली उतरायचं. गोळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. दारू तिथं नको. इथंही नको, पण तो वेगळा विषय आहे. माझं मत विचाराल तर जाताना श्रीनगर-कारगिलवरून जा, तिकडं चढ हळूहळू लागतो. मनालीचा रस्ता येताना ठेवा.

हा रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि बर्फ पडायला लागलं की बंद होतो. दरड आली तर अधेमधेही अडतो. म्हणून बेतात दोन दिवस रिकामे ठेवा. सुटी संपते त्याच दिवशी घरी पोचायचं असा हिशोब करणाऱ्यांनी महाबळेश्वरला जावं.

डिझेल-पेट्रोलची टाकी केलाँगच्या अलीकडं तांदी गावात फुल्ल करून घ्या. त्या पंपावर वर्षानुवर्षं पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. नोटा जवळ ठेवा.

आणि फोन. आपलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि वाटेत तेही बराच वेळ मुकं असतं. दोन दिवस फोन लागणार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. नाहीतर इकडं आई नागनाथाला नवस बोलून बसते, आणि लडाखहून दमून आल्यावर तो फेडायला पुन्हा औंढ्याला गाडी काढावी लागते.

नमस्कार.